सत्तावीस पानांतले आठवे पान

२०२५ च्या एप्रिल-मे महिन्यांत 'नोटॅम' हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत वारंवार आला. २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले हवाई क्षेत्र बंद केले, ३० एप्रिलला भारतानेही तेच केले, आणि दोन्ही वेळा 'नोटॅम काढण्यात आला' असे बातमीत होते. क्षेपणास्त्राची चाचणी व्हायची असली की बंगालच्या उपसागराचा अमुक एक पट्टा विमानांना बंद असल्याचा नोटॅम निघतो, त्याचीही बातमी होते. त्यामुळे नोटॅम म्हणजे काहीतरी लष्करी, गुप्त प्रकरण असावे असा समज झाला तर नवल नाही. प्रत्यक्षात ही अगदी साधी गोष्ट आहे. नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठी काढलेली सूचना. दर्यावर्दींना 'अमुक दीपगृह बंद आहे, तमुक ठिकाणी बुडालेले जहाज आहे' असे कळवणारी पत्रके पूर्वीपासून निघत. त्यांच्याच धर्तीवर विमानांसाठी या सूचना सुरू झाल्या.

धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद आहे, विमानतळाजवळ उंच क्रेन उभी केली आहे, दिशा दाखवणारे रेडिओ-केंद्र नादुरुस्त आहे, पक्ष्यांचे थवे वाढले आहेत, अशा नकाशात आणि पुस्तकात नसलेल्या, पण आज उडताना माहीत हव्यात अशा गोष्टी नोटॅममध्ये असतात. आपल्याकडे त्या भारतीय विमानतळ प्राधिकरण काढते. कल्पना उत्तम आहे. मग तिच्यावर टीका करायला जागा कुठे आहे? ते समजण्यासाठी अशी एक सूचना उघडून पाहू.

मुंबई विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या पावसाळ्यानंतरच्या डागडुजीसाठी १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सकाळी ११ ते सायंकाळी ५ बंद होत्या. हे वाक्य आपण वाचले आणि आपल्याला ते कळले. आता हीच गोष्ट नोटॅमच्या साच्यात घालू. नमुना आम्ही तयार केला आहे आणि मूळची रोमन अक्षरे देवनागरीत लिहिली आहेत. सूचनेचा गाभा साधारण असा होईल:

क्यू) व्हीएबीएफ/क्यूएमआरएलसी
ए) व्हीएबीबी बी) २३१०१७०५३० सी) २३१०१७११३०
ई) आरडब्ल्यूवाय ०९/२७ अँड १४/३२ सीएलएसडी

यातले 'व्हीएबीएफ' म्हणजे मुंबईच्या नियंत्रणाखालचे हवाई क्षेत्र आणि 'व्हीएबीबी' म्हणजे मुंबई विमानतळ. बी आणि सी या कलमांतल्या दहा आकड्यांचे दोन-दोनांचे पाच गट पाडा: वर्ष, महिना, तारीख, तास, मिनिटे. पण ११ वाजता बंद होणारी धावपट्टी येथे ५.३० ला का बंद होते? कारण विमानोड्डाणात सर्व वेळा जागतिक प्रमाणवेळेत देतात आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. ११ मधून साडेपाच वजा केले की साडेपाच उरतात, सायंकाळच्या ५ मधून, म्हणजे १७ मधून, वजा केले की साडेअकरा. 'आरडब्ल्यूवाय' म्हणजे धावपट्टी आणि 'सीएलएसडी' म्हणजे बंद. शब्दांतले स्वर गाळून उरलेली ही हाडे आहेत.

पहिल्या ओळीतला पाच अक्षरांचा संकेत मात्र नीट लक्षात ठेवा, कारण पुढे तो लागणार आहे. पहिले क्यू सर्वच सूचनांत असते. नंतरची दोन अक्षरे 'कशाबद्दल' हे सांगतात आणि शेवटची दोन 'काय झाले' हे. 'एमआर' म्हणजे धावपट्टी, 'एलसी' म्हणजे बंद. धावपट्टीऐवजी टॅक्सीवे बंद असेल तर 'एमएक्स-एलसी'. टॅक्सीवे म्हणजे धावपट्टी ते विमानाची उभी राहण्याची जागा यांना जोडणारा रस्ता. नवा अडथळा उभारला असेल तर 'ओबी-सीई'.

इतका आडवळणी मजकूर कोणी आणि का ठरवला? या गोष्टीला 'इंग्रजांचा हेकटपणा' म्हणून सोडून देऊ नये. त्यामागे त्या काळाचे चांगले गणित होते. दुसऱ्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना कामाला लागली तेव्हा तातडीच्या सूचना टेलिप्रिंटरवरून, म्हणजे दूरमुद्रकावरून जात. या यंत्राच्या संकेतात प्रत्येक अक्षरासाठी पाच विद्युतस्पंद असत. प्रत्येक स्पंद 'आहे' किंवा 'नाही' अशा दोन प्रकारचा. म्हणजे एकूण शक्यता २×२×२×२×२, अर्थात ३२. त्यांत रोमन लिपीची २६ अक्षरे बसवली की सहाच जागा उरतात. त्यांतल्या दोन 'आता अक्षरे' आणि 'आता आकडे व चिन्हे' अशी अदलाबदल करण्यात जातात. लहान लिपीला जागाच नाही! सबंध मजकूर मोठ्या लिपीत असण्याचे कारण हे.

वेगही पाहू. नेहमीचा टेलिप्रिंटर मिनिटाला सुमारे ४०० अक्षरे पाठवी. विमान वाहतुकीच्या तारजाळ्यात एका संदेशातील मजकुराला १८०० अक्षरांची मर्यादा होती. म्हणजे पूर्ण लांबीचा एक संदेश तार साडेचार मिनिटे अडवून ठेवणार. जगभर अशा शेकडो सूचना जायच्या, तर प्रत्येक अक्षर वाचवणे भागच होते. तेव्हा वाचणाऱ्या वैमानिकापुढे सूचनाही थोड्या असत. तारेचा वेळ महाग, वाचणाऱ्याचा वेळ स्वस्त, असा तो हिशोब होता.

आज हा हिशोब पूर्ण उलटला आहे. १८०० अक्षरे पाठवायला क्षणाचाही अंश लागतो. सूचनांची संख्या मात्र अफाट वाढली. जगात वर्षाला दहा लाखांहून अधिक सूचना निघतात आणि कोणत्याही एका दिवशी तीस हजारांहून अधिक लागू असतात. लांबच्या एका उड्डाणाच्या कागदपत्रांत त्यांतल्या शंभरावर येणे ही नित्याची बाब आहे. एका सूचनेला वीस सेकंद धरले तरी शंभर सूचनांना अर्धा तास लागेल. तेवढा वेळ निघण्यापूर्वी वैमानिकाजवळ नसतो. त्याला हवामान, इंधन आणि विमानाच्या नादुरुस्त भागांची यादीही पाहायची असते. वाचणाऱ्याचा वेळ महाग झाला आणि साचा मात्र तार वाचवण्यासाठी घडवलेलाच राहिला. या व्यवस्थेवर आमचा पहिला आक्षेप हा आहे.

आता ज्या घटनेमुळे हा आक्षेप सर्वांच्या कानी गेला तिच्याकडे वळू. ७ जुलै २०१७ ची रात्र. टोरांटोहून निघालेले एअर कॅनडाचे ७५९ क्रमांकाचे विमान सॅन फ्रान्सिस्कोला उतरत होते. रात्रीचे ११ वाजून ५६ मिनिटे झाली होती. टोरांटोच्या घड्याळाप्रमाणे पहाटेचे जवळजवळ तीन, आणि कप्तान १९ तासांहून अधिक काळ जागा होता. या विमानतळावर दोन समांतर धावपट्ट्या शेजारी शेजारी आहेत, २८ डावी आणि २८ उजवी. विमानाला उजवीवर उतरण्याची परवानगी होती. त्या रात्री डावी धावपट्टी कामासाठी बंद होती आणि तिचे दिवे विझवले होते. वैमानिकांच्या मनात मात्र 'दोन धावपट्ट्या शेजारी दिसतील, त्यांतली उजवी आपली' हेच चित्र होते. त्यांना दोन प्रकाशित पट्टे दिसले. डावीकडचा पट्टा खरे तर त्यांचीच उजवी धावपट्टी होती आणि उजवीकडचा होता टॅक्सीवे. त्या टॅक्सीवेवर उड्डाणाची वाट पाहत चार विमाने रांगेत उभी होती.

विमान टॅक्सीवेच्या दिशेने उतरत राहिले. रांगेतल्या पहिल्या विमानाच्या वैमानिकाने रेडिओवर आश्चर्य व्यक्त केले, दुसऱ्याने आपले दिवे लावले. शेवटच्या क्षणी विमान पुन्हा वर चढले, तेव्हा ते जमिनीपासून सुमारे ६० फुटांवर आले होते. रांगेतल्या मोठ्या विमानांच्या शेपटाची उंची ५० फुटांहून अधिक असते, यावरून दोहोंतले अंतर काय उरले असेल ते काढता येईल. पाचही विमानांत मिळून हजारांहून अधिक माणसे होती.

डावी धावपट्टी बंद असल्याची सूचना वैमानिकांना दिलेली नव्हती का? दिलेली होती. उड्डाणाच्या २७ पानी कागदपत्रांत ती आठव्या पानावर होती. उतरण्यापूर्वी विमानात आलेल्या विमानतळाच्या संदेशातही ती होती. दोन्ही वेळा ती इतर माहितीच्या गर्दीत होती, आणि ऐन वेळी दोघांपैकी एकालाही ती आठवली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने सप्टेंबर २०१८ मध्ये या घटनेचा निष्कर्ष मांडला, तेव्हा मंडळाचे अध्यक्ष रॉबर्ट समवॉल्ट यांनी नोटॅमना उघडपणे कचऱ्याची उपमा दिली. अपघातांची चौकशी करणाऱ्या संस्थेचा प्रमुख असे जाहीर बोलतो ही साधी गोष्ट नव्हे. मंडळाची शिफारस अशी होती की मानवी क्षमता व मर्यादा यांचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांनी ही माहिती कशी लावावी, कोणती आधी द्यावी आणि कशी दाखवावी हे ठरवून द्यावे.

'वैमानिकांनी नीट वाचायला हवे होते' असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. तसे म्हणणाऱ्यांना क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या माहितीशास्त्राची आठवण करून द्यावीशी वाटते. एखाद्या संदेशात माहिती किती, हे त्याच्या लांबीवर अवलंबून नसते. तो किती अनपेक्षित आहे यावर ते अवलंबून असते. वर्गात रोज हजर असणारा विद्यार्थी आज हजर आहे, या वाक्यात माहिती जवळजवळ शून्य. तो आज नाही, यात ती पुष्कळ. ज्या घटनेची शक्यता 'श' आहे, तिच्या संदेशातील माहिती म्हणजे १/श या संख्येचा २ या पायावरचा लॉगरिदम, आणि एकक बिट. धावपट्टीपासून दूर असलेल्या एका क्रेनची सूचना शंभरपैकी ९९ दिवस यादीत असते असे समजा. ती वाचून मिळणारी माहिती सुमारे ०.०१५ बिट. धावपट्टी बंद असण्याची वेळ हजारात एकदा येते असे समजा, तर त्या सूचनेत सुमारे १० बिट माहिती आहे. म्हणजे सहाशे-सातशे पट. पण कागदावर दोन्ही सूचना सारख्याच लांबीच्या, त्याच मोठ्या लिपीत आणि एकीखाली एक छापलेल्या. डोळ्यांना त्या समान दिसतात. नव्याण्णव निरुपयोगी ओळींनंतर शंभरावी ओळ वाचताना मेंदू पेंगतो. तो आळशी असतो असे नाही. ज्या ठिकाणी वारंवार काही निघत नाही तेथे शोध घेणे कमी करायचे, हे तो अनुभवातून शिकलेला असतो.

मग इतक्या सूचना काढतात तरी कशाला? आमच्या मते खरी गोम येथे आहे. सूचना काढणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. क्रेनची सूचना काढली नाही आणि उद्या काही घडले, तर जाब त्याला विचारणार. काढली आणि ती कोणाच्याही कामाची नव्हती, तर त्याला कोणीही काही म्हणणार नाही. एका बाजूला शिक्षा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. अशा तराजूत प्रत्येक शहाणा माणूस सूचना काढण्याच्याच बाजूने झुकेल. सूचना वाचण्याचा खर्च तो करत नाही, हजारो वैमानिक करतात. शिवाय अमेरिकेच्या नियमाप्रमाणे उड्डाणाशी संबंधित, उपलब्ध असलेली 'सर्व' माहिती करून घेणे हे वैमानिकाचे कर्तव्य आहे. म्हणजे सूचना निघाली की जबाबदारीचे ओझे काढणाऱ्याच्या खांद्यावरून उतरून वाचणाऱ्याच्या खांद्यावर गेलेच.

हे शिक्षकांना आम्ही वेगळे समजावून सांगायला नको. तास चालू असताना शिपाई सूचनावही घेऊन दारात येतो, आपण एका हातात खडू धरून दुसऱ्या हाताने सही करतो आणि फळ्याकडे वळतो. सही झाली, म्हणजे सूचना 'मिळाली'. ती कळली का, हा प्रश्न त्या वहीत कुठेही विचारलेला नसतो. उड्डाणाच्या कागदपत्रांवरची कप्तानाची सहीही अशीच आहे. फरक इतकाच की त्याच्या मागे दीडशे माणसे बसलेली असतात.

मात्र सूचना कमी केल्या की काम झाले, असेही नाही. कधी कधी दोष नेमका उलटा असतो: सूचना असते आणि तिच्यात हवे तेच नसते. १७ जुलै २०१४ रोजी मलेशिया एअरलाइन्सचे एमएच-१७ हे विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि २९८ माणसे मृत्युमुखी पडली. त्या भागात ३२,००० फुटांपर्यंतचे आकाश तीन दिवस आधीच नागरी विमानांना बंद केले होते आणि तशा सूचना निघाल्या होत्या. विमान ३३,००० फुटांवर होते, म्हणजे नियमाप्रमाणे वागत होते. त्या दिवशी त्या भागावरून दीडशेहून अधिक विमाने गेली. डच सुरक्षा मंडळाने चौकशीत दाखवून दिले की उंचीची ती मर्यादा का घातली, याचे खरे कारण सूचनांत नव्हते. 'खाली विमाने पाडली जात आहेत' हे एक वाक्य तेथे असते, तर किती विमान कंपन्यांनी हजार फुटांच्या फरकावर विश्वास ठेवला असता? काय करायचे ते सांगायचे आणि का ते सांगायचे नाही, ही सरकारी लिखाणाची सवय येथे फार महागात पडली. तो साचा टेलिप्रिंटरचा होता हे खरे, पण कारण लिहायला तेवढ्या साच्यातही जागा असते. हा दोष यंत्राचा नव्हता.

सुधारणेचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. अमेरिकेच्या विमान प्रशासनाने डिसेंबर २०२१ मध्ये नोटॅमच्या पूर्ण नावातला 'पुरुष' सूचित करणारा शब्द काढून नवे नाव दिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये जुने नाव परत आणले. नाव कोणते असावे यावर आम्हाला वाद घालायचा नाही. स्त्रिया विमाने चालवतात हे नावात दिसावे, ही इच्छा रास्तच होती. परंतु दोन्ही वेळा आठवे पान आठवेच राहिले, एवढे नोंदवतो.

दरम्यान ११ जानेवारी २०२३ ला वेगळेच संकट आले. अमेरिकेची नोटॅम-यंत्रणाच बंद पडली आणि देशभरातील उड्डाणे सुमारे दीड तास रोखून धरावी लागली. सप्टेंबर २००१ नंतर देशभर असे प्रथमच घडत होते. मुख्य माहितीसाठा आणि त्याची राखीव प्रत यांचा मेळ घालताना कंत्राटदाराच्या माणसांकडून काही फायली चुकून पुसल्या गेल्या होत्या. यातला विरोधाभास पाहण्यासारखा आहे. ज्या कागदांना अपघात-मंडळाचा अध्यक्ष कचरा म्हणतो, ते कागद नाहीत म्हणून एकही विमान उडू शकत नाही! पण नीट विचार केला तर विरोध नाही. त्या ढिगात दोन-तीन सूचना खरोखर जिवावरच्या असतात, आणि त्या कोणत्या हे ढीग पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून ढीग टाकूनही देता येत नाही.

या घटनेनंतर जून २०२३ मध्ये अमेरिकेत सुधारणेचा कायदा झाला, आणि २०२५ मध्ये नवी संगणक-यंत्रणा टप्प्याटप्प्याने आणायला सुरुवात झाली. जुने यंत्र बदलणे आवश्यकच होते. पण यंत्रणा बंद पडू नये ही एक अडचण आणि वाचणाऱ्याला कळावे ही दुसरी. पहिली सुटली म्हणून दुसरी सुटत नाही. नळ नवा बसवला तरी पाणी तेच असू शकते.

पाणी बदलल्याचे एक चांगले उदाहरण मात्र आहे, आणि त्याची फारशी चर्चा होत नाही. धावपट्टी ओली किंवा बर्फाळ असल्याची माहिती पूर्वी देशोदेशी वेगवेगळ्या वर्णनांनी दिली जाई. 'ओली', 'थोडे पाणी', 'चिखल' असे शब्द वाचून ब्रेक कितपत लागतील याचा अंदाज वैमानिकाने बांधायचा. नोव्हेंबर २०२१ पासून आंतरराष्ट्रीय संघटनेने सर्वांसाठी एकच पद्धत लागू केली. धावपट्टीचे तीन भाग पाडायचे आणि प्रत्येकाला ० ते ६ यांपैकी गुण द्यायचा. कोरडी असेल तर ६, नुसती ओली असेल तर ५, तीन मिलिमीटरहून जास्त पाणी साचले असेल तर २, आणि ब्रेक लागण्याची आशाच नसेल तर ०. मुसळधार पावसात एखाद्या विमानतळावरून '५/५/२' असे आले, की शेवटच्या तिसऱ्या भागात पाणी साचले आहे आणि तेथे थांबण्याचा भरवसा धरू नये, हे तीन आकड्यांत कळते. येथे काय झाले ते पाहा. जमिनीवर काय दिसते याऐवजी वैमानिकाला काय ठरवायचे आहे, त्या भाषेत सूचना लिहिली गेली. ती आखूडही झाली आणि अधिक बोलकीही. सर्व नोटॅमना ही कसोटी लावता येईल असे आम्हाला वाटते.

आता पाच अक्षरी संकेताकडे परत येऊ. प्रत्येक सूचनेत 'कशाबद्दल' आणि 'काय झाले' हे आधीपासूनच यंत्राला वाचता येईल अशा रीतीने लिहिलेले आहे. संगणकाने धावपट्टी बंद असल्याच्या सूचना वर आणि दूरच्या क्रेनच्या खाली लावणे, हे आठवी-नववीतल्या मुलालाही जमेल असे काम आहे. तरी छापील गठ्ठ्यात सूचना बहुधा विमानतळवार आणि क्रमांकवार येतात. अमेरिकेने तर देशांतर्गत सूचनांसाठी कित्येक दशके आपला वेगळाच साचा चालवला, त्यामुळे तेथे हा संकेतही हाताशी नव्हता.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. संकेत विषय सांगतो, महत्त्व सांगत नाही. महत्त्व वाचणाऱ्यावर अवलंबून असते. यंत्रांच्या साहाय्याने सरळ रेषेत उतरणाऱ्या मोठ्या विमानाला ६० मीटर उंच क्रेनचे काही वाटणार नाही. त्याच भागात खालून जाणाऱ्या हेलिकॉप्टरला तीच सूचना सर्वांत महत्त्वाची. मग चाळणी कोणी लावायची? आणि चाळणीने नेमकी हवी ती सूचना गाळली तर? ढिगात हरवलेली सूचना निदान ढिगात असते.

म्हणूनच गाळू नये, क्रम लावावा, असे आमचे मत आहे. उड्डाणाचा मार्ग, वेळ आणि विमानाचा प्रकार कंपनीला आधीच माहीत असतो. तो धरून पहिल्या पानावर दोन गोष्टी याव्यात: या उड्डाणाच्या वेळेत कोणती धावपट्टी किंवा उतरण्याची कोणती यंत्रणा बंद आहे, आणि काल नव्हते असे आज काय आहे. बाकी सारे मागे असू द्यावे, पाहायचे त्याने पाहावे. दुसरे असे की नोटॅम ही तात्पुरती सूचना आहे. तिची मुदत तीन महिन्यांपेक्षा जास्त असू नये, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. त्यापुढे टिकणारी गोष्ट कायमच्या माहितीपुस्तकात गेली पाहिजे. तरी २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने जुन्या सूचनांविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा लागू असलेल्यांपैकी सुमारे एक पंचमांश सूचना या मुदतीपलीकडच्या होत्या. म्हणजे कोणताही नवा शोध न लावता, आहे तो नियम पाळूनच ढीग बराच उतरला असता.

येथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की सूचना नीट पोचली की धोका टळला. तैपेईची घटना याला आडवी येते. ३१ ऑक्टोबर २००० च्या रात्री, वादळी पावसात, सिंगापूर एअरलाइन्सच्या एका विमानाने ५ डावी या धावपट्टीऐवजी शेजारच्या ५ उजवीवरून धाव घेतली. ती दुरुस्तीसाठी बंद होती. विमान तेथल्या बांधकामाच्या यंत्रांवर आदळले आणि १७९ पैकी ८३ जण गेले. ती धावपट्टी बंद असल्याची सूचना निघालेली होती आणि ती या वैमानिकांना माहीत होती. त्यांना त्या धावपट्टीवर जायचेच नव्हते. आपण योग्य ठिकाणी आहोत अशीच त्यांची समजूत होती. बंद धावपट्टीच्या तोंडाशी त्यांना अडवणारे काहीही उभे केलेले नव्हते. कागदावर 'बंद' लिहिणे स्वस्त असते, रस्त्यात लाकडी कठडा आणि लाल दिवा ठेवण्याला माणूस आणि पैसा लागतो. सूचनांची व्यवस्था सुधारताना ज्या गोष्टी कठड्याने सांगायच्या त्या कागदावर ढकलल्या जात नाहीत ना, हेही तपासावे लागेल.

क्रम लावल्याने खरोखर किती फरक पडतो, हे वर्गात करून पाहता येईल. शाळेसंबंधीच्या चाळीस काल्पनिक सूचना तयार करा. त्यांतल्या तीनच अशा ठेवा की ज्या 'उद्या सकाळी आठ वाजता सहलीला निघणाऱ्या मुलाने' पाळल्याच पाहिजेत: फाटक बदलले आहे, बस अर्धा तास आधी सुटणार आहे, पाण्याची बाटली बरोबर हवी. बाकीच्या सदतीस खऱ्या वाटणाऱ्या, पण सहलीशी संबंध नसलेल्या. एका गटाला त्या क्रमांकवार द्या, तिन्ही महत्त्वाच्या सूचना मधोमध येतील अशा. दुसऱ्याला तिन्ही वर ठेवून द्या. तिसऱ्या गटाला क्रमांकवारच द्या, पण सूचनांतले सर्व शब्द आखडून, वेळा साडेपाच तास मागे नेऊन. प्रत्येकाला वाचायला पाच मिनिटे द्या, मग कागद परत घ्या. लगेच प्रश्न विचारू नका. वीस मिनिटे दुसरा काही पाठ शिकवा आणि मग 'उद्या कुठे, किती वाजता, काय घेऊन यायचे?' एवढेच लिहायला सांगा. गट पाडताना हुशार मुले एकाच गटात जाऊ देऊ नका, चिठ्ठ्या टाका. जमल्यास शेजारच्या तुकडीत तोच प्रयोग सूचनांचा क्रम बदलून पुन्हा करा आणि दोन्ही तुकड्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडा.